शेरा

जालन्यात, मोंढ्याच्या मागं, सर्व्हे नंबर एकशे चौदा.
सोमवारपर्यंत किंमत काढून द्या, म्हणाली बँक.
सात मजले, खाली तळघरात पार्किंग.
फॉर्मवर एक रकाना: झाडझुडूप काढण्याचा खर्च.

टेपचं एक टोक माझ्याकडं, दुसरं खिल्लारेमामांकडं.
ते इथले राखणदार.
"हिकडं नका मोजू सायब,
हिकडं पाणी झोपायला येतंय."

ओढा? नकाशात नाही.
पण शिंदीची चार झाडं रांगेत उभी,
नकाशा काढणाऱ्याहून जुनी,
आणि बाभळीला सुगरणीचा अर्धा खोपा,
कोरड्या खड्ड्यावर.
पाणी असल्याशिवाय ती असली फांदी निवडत नाही.

काळ्या मातीला भेगा, मनगट जाईल एवढ्या.
लव्हाळ्याखाली मात्र भेग नाही.
मी उकिडवा बसतो, बोटानं उकरतो:
गांडुळांची भोकं, मुळ्यांचं जाळं,
एक बेडूक, मेल्यासारखा, मेलेला नाही.
ह्या सगळ्यांनी मिळून किती पावसाळे पोटात घेतले
त्याची पावती कुणी फाडली नाही.

पलीकडच्या सोसायटीचा अहवाल माझाच.
तिथं गवताचं पातं नव्हतं,
मी लिहिलं होतं, जागा स्वच्छ.
तिचा जिना आता भिंतीपासून दोन बोटं सुटलाय.
हप्ते चालू आहेत.

मी 'काढण्याचा' वर काट मारतो.
पुढं काय लिहावं, सुचत नाही.
पेनची शाई उन्हानं पातळ झालीय.

मामा टेप गुंडाळतात.
"मंजूर होतंय का?"
"कुणाचं?" मी विचारतो.