एकच पाटा

त्या रात्री गाडीचं नाक आभाळाकडं होतं.
मागं ट्रेलर, ट्रेलरवर चाळीस पेट्या,
पेटीपेटीत सातेरीचं एकेक झोपलेलं गाव,
आणि बोलेरोचा मागचा भाग
डोहात बसलेल्या म्हशीसारखा खाली.
हेडलाईट रस्ता सोडून झाडांच्या शेंड्यांत.
सुळग्याच्या पुढच्या वडावर
फळं खाणारी वटवाघळं मी मोजली,
सतरा.
रस्ता दिसतच नव्हता, मग काय मोजणार?

मग उतार आला.
स्टिअरिंग हातात होतं, पण हलकं,
कुणाचंच नसल्यासारखं.
मागून ट्रेलरनं शेपूट हलवलं,
डावीकडं, उजवीकडं, मग अजून जास्त डावीकडं.
"ब्रेक नको!" भरमा ओरडला.
मी नुसता पाय उचलला.
गाडी सावरली,
पण एका पेटीनं उडी मारली होती.

अंधारात माश्या उडत नाहीत.
डांबरावर त्या चालत होत्या,
गरम टायरच्या दिशेनं,
तीच घराची ऊब समजून.

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या मागच्या बोळात
दस्तगीरचाचाचं दुकान.
पाटीवर वर कन्नड, खाली त्याच्याच हातचं मराठी:
कमानपाटे बांधून मिळतील.
मी म्हटलं, तीन पाटे वाढवा,
गाडी कशी ताठ राहिली पाहिजे.
चाचा काही बोलला नाही.
मला हुकावर उभं केलं,
चाक आणि मडगार्डच्या मधे बोटं घालून बघितली.
आडवी चार जायला हवीत, दोनच गेली.
"बसूलाय की. पर निम्मा दोष पाट्याचा.
मधानं भरलेल्या पेट्या कुठं ठेवूलीस?"
"पुढं. गाडीला चिकटून. पडू नयेत म्हणून."
"मग सगळा भार हुकावर. चाकावर ठेव,
जरा पुढं सरकून. जराच."

जुना शॉकअप त्यानं फरशीवर दाबला.
दाबला तो दाबलेलाच राहिला,
वाद सोडून दिलेल्या माणसासारखा.

बसलिंग भट्टीचा भाता मारत होता.
नवा पाटा लाल झाला, मग पिकल्या पपईचा रंग,
मग घणाखाली वाकायला लागला
आणि तो घाव मोजत गेला,
ओंदू, येरडू, मूरू.
तेलात बुडवला तेव्हा
अख्ख्या बोळाला फोडणीसारखा चर्र आवाज गेला.
समोरच्या चहावाल्यानं मान वर केली नाही.
त्याला रोजचंच.

"तीन का नको?" मी परत विचारलं.
चाचा यू-बोल्ट आवळत होता, खालूनच म्हणाला,
"तीन घातलं तर भरल्यावर राणी,
रिकामी असताना गाढव. लाथा मारंल.
परतीचा रस्तापण तुझाच हाय की, पोरी."

बिलात पाटा, दोन गॅसचे शॉकअप, चार बुश,
मजुरी,
आणि शेवटी, खोडून परत लिहिलेलं:
जांभळीचा मध, एक बाटली. येशील तेव्हा.

परवा रात्री निघालो. पेट्या चाकावर, दोऱ्या दुहेरी.
शिनोळीला हवालदारानं टॉर्च मारली,
नंबर बघितला, केए बावीस,
"आत काय?"
"माश्या."
टॉर्च लगेच दुसऱ्या ट्रककडं गेली.

उताराला मी श्वास धरून ठेवला होता.
काहीच झालं नाही.
ट्रेलर मागं आला, जसा सावत्र पोरगा
बऱ्याच दिवसांनी बोट धरून येतो,
घट्ट नाही, पण सोडूनही नाही.
पुढं एका कल्व्हर्टजवळ थांबून
भरमानं पेटीला कान लावला
आणि मला हातानंच बोलावलं.
आत एकच सूर. शेजारच्या खोलीतल्या पंख्यासारखा.

काजूच्या बागेत पेट्या उतरवून
पहाटे परत निघालो तर
रिकामी गाडी थोडी उडालीच, तुडयेच्या खड्ड्यात.
भरमाचं डोकं टपाला लागलं.
एक पाट्याची लाथ, तो म्हणाला, चालंल.

सुळग्याचा वड जातानाही लागला, येतानाही.
दोन्ही वेळा हेडलाईट रस्त्यावर,
खडी, पांढरा पट्टा, कुणाची तरी एक चप्पल.
वर वटवाघळं असतीलच.
मी मान वाकवून बघितलं,
काच आडवी आली.