सातवा रकाना

आधी एवढंच यायचं :
एस-डब्ल्यू चारशे सतरा. बंद. गंभीर.
खराडीत नवव्या मजल्यावर, रात्री दोन-अडीचला
लाल रंग सगळ्यांना सारखाच लागायचा,
कोंढव्यातल्या झेरॉक्सवाल्याला
आणि बिबवेवाडीच्या रक्तपेढीला.
आम्ही जांभया देत एकमेकांना विचारायचो,
हे चारशे सतरा म्हणजे कोण रे?

मग शहनाज मुजावर आली. कोल्हापूरची,
बोलायला तिखट.
चार रविवार स्वतःच्या स्कूटरवर फिरली,
धायरी, फुरसुंगी, मांजरी, जिथं जिथं आमच्या पेट्या.
पेट्या उघडल्या, पाली हाकलल्या, चहा प्यायली लोकांकडे
आणि तक्त्याला सातवा रकाना जोडला : टीप.
साहेब म्हणाले, यंत्राला कशाला हव्यात ह्या गप्पा?
यंत्राला नाही, म्हणाली,
ते ज्याला उठवतं त्याला.

आता इशारा येतो तो असा :
चारशे सतरा. रक्तपेढी. फ्रीजचं तापमान ह्याच वायरीनं जातं.
गुरुवार असेल तर अर्धा तास थांबा, वीज मंडळाचं काम असतं.
बाहेर खोदकाम चालू, केबल जेमतेम दीड फुटावर.
किल्ली खिलारेंकडे, मागच्या गल्लीत.
एका कानानं ऐकू येत नाही, तीनदा रिंग द्या.
रागावतात, पण येतात.

काल रात्री दोन चाळीस.
घड्याळात गुरुवार लागला होता,
पण वीज मंडळ काही एवढ्या पहाटे उठत नाही.
थांबलो नाही. फोन लावला.
पहिल्याच रिंगला बाईचा आवाज, टक्क जागा.
खिलारे आहेत का?
"मामंजी गेले. उद्या तेरावं."
मला काही सुचेना.
"तुम्ही लाइटचे का इंटरनेटचे?"
इंटरनेटचा.
"थांबा मग. चप्पल घालते."

तीन अठराला आकडा परत आला,
चार पूर्णांक दोन अंश.
पडदा हिरवा झाला आणि सगळं विसरून गेला.

शहनाज आता बंगळूरला असते.
मी सातवा रकाना उघडला.
'रागावतात, पण येतात' ह्याच्यापुढे
कर्सर बराच वेळ लुकलुकत होता.
ती ओळ तशीच ठेवली. खाली लिहिलं :

किल्ली आता सूनबाईंकडे. एक रिंग पुरे.
नाव विचारायचं राहिलं.
आज गुरुवार, दहाला वीज जाईल, इशारा येईल.
फोन करू नका.
घरात तेरावं आहे.