सूतभर मोठा

नर्स म्हणाली, घर गरम ठेवा,
आणि आम्ही दोघं सीपीआरच्या जिन्यात
एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसलो.

शाहूपुरीतलं आमचं घर. खाली रिकामी गुळाची वखार,
वर सागवानी फळ्या, आणि फळ्यांच्या फटींतनं
दस्तगीरच्या बॅटरीचा उजेड रात्री वर येतो,
पलंगाखाली रेघा मारून जातो.

गूळ होता तेव्हा असं नव्हतं.
मार्गशीर्षात ढेपा कडीपाटापर्यंत चढायच्या
आणि पायाखालची जमीन
नुकतंच कुणी उठून गेलेल्या गादीसारखी लागायची.
आता दस्तगीरचा धंदा मार्केट यार्डात.
खाली दोन तराजू, एक शिडी,
आणि शटरखालनं घुसलेला पंचगंगेवरचा वारा,
भाडं न देता राहणारा.

तर (नाव घ्यायचंच झालं तर) हिंदुराव,
चाळीस वर्षं उद्यमनगरात पॅटर्नमेकर,
उदबत्ती पेटवून घरभर रांगायला लागले.
वय अडुसष्ट. दोन्ही गुडघ्यांना टॉवेल.
धूर सरळ चढला की पुढं.
आडवा पडला की तिथं खडूची फुली.
म्हटलं, उभ्यानं बघा की ओ.
म्हणाले, उभ्यानं काय कळतंय?
थंडी वीतभर उंचीची आहे.
पोरगी तेवढ्यावरच निजणार.

सत्तेचाळीस फुल्या.

बारीक फटींत भुसा आणि सरस,
रुंद फटींत सुतळी ठोकून वर पुन्हा सरस.
खिडकीच्या चौकटीला सायकलची ट्यूब.
चप्पल लाईनीतनं पिशवीभर कातरण आणलं,
दाराच्या बुडाला खिळलं;
आता दार उघडताना उंबरा चाटतं, गाईसारखं.
मी इरकलीची लांब पिशवी शिवून वाळू भरली,
दाराशी आडवी टाकली.
दस्तगीर वर आला आणि साप म्हणून ओरडला.

मग वखारीत शिडी लावून
फळ्यांच्या पोटाला खालनं गोणपाट मारलं.
दोन दिवसांत मुंग्या.
गुळाची पोती ती, कशाला सोडतात?
सगळं उचकटलं, धुतलं, गच्चीवर वाळवलं,
पुन्हा मारलं. अंगठा सुजला यांचा.
दस्तगीर म्हणाला, वीस वर्षं तुमच्या घरची धूळ
चहातनं पितोय वहिनी,
आता चहा फिक्का लागतोय.

रात्री अंगठ्याला हळद लावताना म्हणाले,
लोखंड थंड होताना आकसतं.
म्हणून साचा कधी बरोबर मापाचा करायचा नाही.
फुटाला सूतभर मोठा.
थंडी किती खाणार, ते आधीच धरून चालायचं.
मी काही बोलले नाही.
वैजयंताची पोरगी
जन्मली तेव्हा एक किलो तीनशे.
हिच्या वेळी सूत धरायला
कोण विसरलं?

गुरुवारी आणली. काचेच्या पेटीतनं शालीत,
शालीतनं आमच्या त्या फळ्यांवरच्या गादीवर.
बारसं नाही झालेलं. नुसतीच पोरगी.

लाईट गेली तेव्हा हे उदबत्ती शोधायला लागले.
म्हटलं, धूर नको तिला.
मग वातीच्या कापसातनं एक तंतू ओढला,
मेणबत्तीच्या उजेडात चिमटीत धरून फिरले.
दाराशी सरळ. खिडकीशी सरळ.
फळ्यांवर, जिथं जिथं फुली होती तिथं, सरळ.
वैजयंता झोपेत कूस बदलून म्हणाली, बाबा, पुरे.

शेवटी गादीशी वाकले.
तिच्या नाकापुढं तंतू धरला.
हलला.
थांबला. मला वाटलं, थांबलाच.
पुन्हा हलला.

किती वेळ तसेच वाकून होते,
कमरेचा एरवी एवढा बोभाटा.
मग म्हणाले, इथनं येतोय अजून.

खडू खिशातच राहिला.
खालनं दस्तगीर विचारत होता,
शिडी आज देताय का उद्या.