धाग्याची लांबी

दिवसभर जिनिंगवर कापूस पाहतो मी.
सरकीवरचा पुंजका दोन अंगठ्यांत धरायचा,
ओढायचा,
कुठे तुटतो ते बघायचं.
पाणी मारलेला माल हाताला आधी कळतो,
डोळ्यांना मागून.

संध्याकाळी हात धुऊन वाचनालय उघडतो.
बोटांना सरकीचा वास असतोच,
त्याच बोटांनी स्पर्धेची पाकिटं फोडतो.

यंदा त्रेसष्ट आली.
तेरा कथा गजराच्या घड्याळाने जाग्या झाल्या,
सात शेवटी स्वप्न निघाल्या.
एका गुरुजींनी नायकाला नदीवर नेलं
आणि नदीकडूनच पाच पानं भाषण करवलं.
दर्यापूरच्या बाजारात "क्षितिज" कोणी म्हणत नाही,
या कथांत मात्र ते जागोजागी,
आणि दर वेळी सोनेरी.

काय पाहता हो तुम्ही कथेत?
लोक विचारतात, चक्कीवर, स्टँडवर,
एकदा तर मयतीत, तिरडी बांधताना.
मी म्हणतो, ओली करू नका.
वजन भरावं म्हणून गाडीवर रात्री पाणी शिंपडतात ना,
तसं रडं शिंपडलेलं असतं,
वरून फुगलेली,
आत कोपरापर्यंत हात घातला की गार.

मीही लिहिली होती एक, लग्नाआधी.
दोन बादल्या मारल्या होत्या.
परत आली.
बरं झालं.

मग हे पाकीट. येवद्याहून. मोनाली खारोडे.
वहीची पाठकोरी पानं, मागे किराण्याचा हिशोब:
तेल अर्धा किलो, साबण दोन, उधार.
गोष्ट एवढीच
की खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही,
आणि पोरीला पाहायला पाहुणे येणार आहेत.
वहिनी पहाटे उठून गोडं पाणी आणते,
डोक्यावर गुंड, पायात एकच धड चप्पल.
(एकच. दुसरीचं काय झालं ते कुठे सांगितलेलं नाही.)
डाळ शिजते, मऊसूत.
मुलगा दोनदा वाढून घेतो आणि म्हणतो,
"आमच्या इकडं नळ हाये."
कोणी काही बोलत नाही.
पाहुणे जातात.
गुंडात चारेक बोटं पाणी उरतं.
संपली.

मी पाठ टेकून बसलो.
पंखा बंद होता ते मग लक्षात आलं.

परीक्षक आम्ही तिघं.
नर्सबाई तायडे म्हणाल्या, हीच.
त्या जास्त बोलत नाहीत, सुई टोचून मोकळ्या.
गावनेर पोस्टमास्तर, रिटायर, चष्मा कपाळावर,
पाकीट उजेडाला धरून म्हणाले,
"शिक्का पाहा. चार दिवस लेट.
शब्द किती? सातशेही नाईत.
अन् मेसेज? काय सांगाचं हाये या पोरीले?"

नियम मीच छापले होते.
शब्द हजार ते दोन हजार, कागदाची एकच बाजू,
शेवटची तारीख ठळक अक्षरात.
त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं
की माणसाला रात्री झोप लागू नये.
ते छापायचं तरी कसं?

मी पुन्हा ओढून पाहिली,
मधून, कडेने, जिथे हमखास तुटतात तिथून.
"मऊसूत" हा शब्द जरा जास्त वाटला.
बाकी धागा येत राहिला.

गावनेरांनी पानं घडी करून खिशात टाकली.
म्हणाले, घरी नेऊन शब्द मोजतो.

सकाळी जिनिंगच्या काट्यापाशी उभे.
गाड्यांची रांग, धूळ, हमाल ओरडतायत,
आणि हे सायकल धरून, दाढी न केलेली.
मला वाटलं, आता शिक्क्याचं काढतील.

बराच वेळ गाड्यांकडे पाहत राहिले.
मग हळूच म्हणाले,
"त्या गुंडातल्या पाण्याचं
काय केलं असन हो तिनं?"