कळलावी

बालाघाटाच्या उतरणीवरून अंबाजोगाईला आणलेला कंद,
कोपरात दुमडलेल्या हातासारखा.
तेलाच्या डब्यात पुरला, वर लेंडीखत,
मग तीनदा हात धुतले साबणानं.
विषारी आहे, मुळापासून बियांपर्यंत.

अनसूयाबाई भिंतीवरून म्हणाल्या,
"कामून लावली बाई घरात? भांडणं लागतेत."
भांडण आधीच लागलेलं होतं.
अकरा दिवस
मीठसुद्धा बोट दाखवून मागत होतो आम्ही.

वेल चढली तशी पानांची टोकं
वळून वळून काहीतरी धरायला बघायची.
खिडकीचा गज धरला. केबलची वायर धरली.
भादव्यात पहिलं फूल,
मान खाली, पाकळ्या मात्र वर उलटलेल्या,
पिवळ्यावरून तांबड्यात पेटत गेलेल्या.
तोंड बघायचं तर आपणच वाकायचं.
उकिडवी बसून राहिले,
तव्यावर भाकर करपली.

एका संध्याकाळी यांचा पांढरा शर्ट
दोरीवरून काढायला गेले, तर
बाहीचं काज धरून बसलेलं एक पान.
ओढलं असतं तर तुटलं असतं.
राहू दिलं.

सकाळी बँकेच्या वेळेला आतून आवाज,
"माझा शर्ट कुठाय?"
म्हटलं, "तिला विचारा."

बराच वेळ झाला, माणूस आत येईना.
डोकावले, तर बनियनवर उकिडवे,
मान वाकडी करून.
"आज पाचवं उमललंय," म्हणाले.
मी तर चारच मोजली होती.

आता दिवाळी झाली, वेल वाळून गेली.
डब्यात नुसती माती.
त्यावर कुणीतरी खडूनं लिहिलंय,
टाकू नये.
अक्षर माझं नाही.