दोन मात्रा

ठाकुरद्वारच्या नाक्यावर पालिकेनं निळी पाटी ठोकली :
‘रघुवीर मोरोबा धर्यवान चौक’.
‘ध’वरच्या दोन्ही मात्रा गायब.
शहाळेवाला म्हणाला, काका, काय बघता एवढं?
म्हटलं, प्रूफ.

एकतीस वर्षं मी खिळे जुळवले.
मात्रेची मान खिळ्याबाहेर आलेली असते,
दाब पडला की पहिली तीच मोडते.
साहेबांना हे ठाऊक होतं.
दिल्लीहून मसुदा घेऊन ते बोरीबंदरवरून थेट छापखान्यात यायचे,
कोटावर तीन प्रांतांची धूळ.
मागून नवी वाडीतून डबा यायचा,
करंदीचं भानोलं, त्यातलं अर्धं माझं.
जुळवलेली ओळ उलटीच वाचायचे, उजवीकडून,
बोटाला शाई लावून घेत.
एवढा मोठा माणूस, हे कुणाकडून शिकला कोण जाणे.

एकदा पहाटे तीनला
‘राज्य देऊ शकेल’ असं होतं,
त्यातले शेवटचे दोन शब्द चिमट्यानं उपटले त्यांनी
आणि म्हणाले, घाडी, इथं ‘देईल’ बसव.
ओळ आखूड झाली.
उरलेल्या जागेत मी कोरं शिसं भरलं.
ते म्हणाले, ही रिकामी जागा आहे ना, ही लोकांची.
असलं काहीतरी बोलायचे ते.
मला तेव्हा झोप आवरत नव्हती.

पण एक कलम असं होतं
ज्याखाली माणसाला कारण न सांगता उचलता यायचं.
तिथलं ‘शकेल’ त्यांनी राहू दिलं.
मी त्यावर बोट ठेवलं.
बोलण्याचा मला अधिकार नव्हता,
बोट ठेवण्याचा पगार होता.
साहेब बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
मग म्हणाले, असू दे. देश नवा आहे.
वापरणारे भले असतील.
आणि खाली तांबड्या शाईत र. मो. धै.
मात्रा दोन्ही ठसठशीत.

माझा मेहुणा, बुधाजी, गोदीत विंचवर होता.
संपाच्या चौथ्या रात्री त्याला माझगावातून नेलं.
त्याच कलमाखाली, चौदा महिने.
परत आला तो बूट घालून झोपायला लागला.
बहीण म्हणायची, काढा हो, गोधडी मळते.
तो म्हणायचा, पुन्हा घालायला वेळ देत नाहीत.

पुढं साहेबांनी खुर्ची सोडली.
कुणी सोड म्हणालं नव्हतं.
सरकारी बंगल्यातून दोन ट्रंका आणि एक तानपुरा घेऊन
नवी वाडीच्या दोन खोल्यांत परत.
नळावर नंबर लावायचे म्हणतात, स्वतः.
म्हातारपणी एका दुपारी छापखान्यात आले, काठी टेकत.
विचारलं, छापून झाल्यावर खिळ्यांचं काय करता रे?
सोडवतो, साहेब. ज्याचा खिळा त्याच्या घरात.
मग त्या कलमाचे?
म्हटलं, त्याच आठवड्यात त्यांच्या लग्नपत्रिका झाल्या,
दोन तेराव्याच्याही.
हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले,
मग नुसतं पाणीच राहिलं.
छापलेलं नाही ना सोडवता येत असं?
बुधाजीचं नाव माझ्या जिभेवर आलं होतं.
तेवढ्यात मशीन सुरू झालं.
मीच सुरू केलं.

आज खिशात खडू आहे.
स्टूल शहाळेवाल्याचं, एक पाय आखूड,
त्याखाली त्यानं करवंटी सरकवली.
चढलो. गुडघे बोलले काहीबाही.
पहिली मात्रा एका फटक्यात आली,
हात अजून विसरलेला नाही.
दुसरीसाठी खडू टेकवला
आणि ते बूट दिसले,
गोधडीबाहेर आलेले, नाडी घट्ट बांधलेले.

धेर्यवान.

वाहनं खालून जात होती, कुणी वर पाहत नव्हतं.
शहाळेवाला म्हणाला, झालं का काका? गिऱ्हाईक बसायचंय.
म्हटलं, स्टूल राहू दे जरा.