सात सेकंद

तुर्कूच्या बंदरात नोकरीला लागलो
तेव्हा माझं वय चोवीस, अक्कल त्याहून कमी.
फेरीबोटीत ट्रक सोडणाऱ्या फाटकाचा प्रोग्राम
रायली वुओरेलाने लिहिलेला,
एकटीने, एका हिवाळ्यात.
त्यात मधोमध एक ओळ होती:
सात सेकंद थांब.
कशासाठी, ते कुठे लिहिलं नव्हतं.

मी ती काढून टाकली.
फाटक चटकन उघडायला लागलं.
दोन दिवस कॉफीच्या मशीनपाशी
मी जरा छाती काढूनच उभा राहिलो.

तिसऱ्या रात्री उणे एकोणीस.
फाटक अर्ध्यावर अडकलं ते अडकलंच.
समोर बोट, सगळे दिवे लावून.
मागे एक्केचाळीस ट्रक,
त्यातल्या एकात ट्यूलिपची फुलं.
त्याचा ड्रायव्हर खाली उतरला,
माझ्याकडे बघत राहिला.
बोलला काहीच नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

रायली आली. झोपायच्या कपड्यांवर ओव्हरकोट,
काखेत थर्मास.
ओळ परत घातली.
'मोटर गारठली की तिला दम लागतो,' म्हणाली,
आणि उरलेली कॉफी ट्यूलिपवाल्याला देऊन गेली.

ती रात्र मी पुढे सव्वीस वर्षं विकून खाल्ली.
बढतीच्या मुलाखतीत सांगितली,
नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगितली,
हेलसिंकीच्या परिषदेत ती माझी चौथी स्लाइड होती:
कळत नाही त्याला हात लावू नका.
लोक माना डोलवायचे.
दुधाने तोंड पोळलेला माणूस
ताक फुंकण्याचे वर्ग घेत होता,
आणि त्याचा पगार वाढत होता.

कंपनीचं नाव तीनदा बदललं.
तूरे गेला, खोक्यात निवडुंग आणि कीबोर्ड घेऊन,
आम्ही खिडकीतून बघितलं आणि पुन्हा बसलो.
प्रोग्राम एका भाषेतून दुसरीत गेला, दुसरीतून तिसरीत;
नव्या घरी आधी देव न्यावेत
तशी ती ओळ दर वेळी मीच हाताने नेली.
वर टीप लिहिली: हात लावू नये.
खाली माझं नाव.

मग होदान आली.
मोगादिशूच्या आईबापांची, वाढलेली इथलीच,
बोलणं आमच्या तुर्कूचं, शब्दांची शेपटं छाटलेलं.
तिने विचारलं, का?
मी ट्यूलिपसकट सगळं सांगितलं.
तिने शेवटपर्यंत ऐकलं, मग म्हणाली,
'आणि ती मोटर कुठाय?'

मला माहीत नव्हतं.
सव्वीस वर्षांत मी धक्क्यावर गेलो असेन चारदा.
ती हेल्मेट घालून गेली, तासाने परत आली,
नाक लाल, फोनमध्ये फोटो.
मोटर भंगारात जाऊन तेरा वर्षं झालेली.
आता तिथे तेलाच्या दाबावर चालणारं काहीतरी आहे,
त्याला थंडी वाजत नाही.

रात्री मी हिशोब मांडला.
दिवसाला आठ बोटी, गुणिले सात सेकंद, गुणिले तेरा वर्षं:
तीन दिवस आणि वर जवळपास दोन तास
अख्खं बंदर थांबलं होतं
माझ्या अनुभवासाठी.

रायलीला फोन केला. ती अठ्ठ्याहत्तरची,
मागे रेडिओवर हवामानाच्या बातम्या.
'अरे, ती अजून आहे?' म्हणाली.
'मोटर बदलली तेव्हा माझे दोन महिने उरले होते.
मला वाटलं, कुणीतरी विचारेल.'

होदानने ओळ काढली.
नोंदीत काय लिहू, विचारलं.
मला सुचेना. तिने लिहिलं: मोटर नाही.

त्या रात्री उणे सतरा होतं.
घरी जायचं सोडून मी धक्क्यावर गेलो,
हात खिशात, जुनी भीती पोटात.
बोट लागली. मी मनात मोजायला लागलो,
एक, दोन,
तोवर पहिला ट्रक आत गेलासुद्धा.